गोष्ट नसलेला देह

माघ पौर्णिमेला बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जत्रा भरते. कोल्हापूर-सांगलीपासून विजापूरपर्यंतची माणसं येतात. बैलगाड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आणि टेम्पो वाढले. पण भंडारा तोच, चौंडकं तेच आणि गोष्टही तीच. जोगती-जोगतिणी ती मराठीत सांगतात, कन्नडमध्येही सांगतात. रेणुका रोज नदीवर जायची. वाळूचा घडा करायची, सापाची चुंबळ करायची आणि जमदग्नीच्या पूजेचं पाणी आणायची. एके दिवशी तिने गंधर्वाला त्याच्या बायकांबरोबर जलक्रीडा करताना पाहिलं. क्षणभर तिचं मन तिकडे गेलं. त्या दिवशी वाळूचा घडा काही केल्या बनेना, सापही हाती लागेना. रिकाम्या हातांनी परतलेल्या बायकोकडे पाहून ऋषीने काय ते ओळखलं आणि मुलांना हुकूम केला, हिचं मस्तक उडवा.

नीट पाहिलं तर ही एका विवाहित बाईच्या इच्छेची गोष्ट आहे. दुसऱ्याचा शृंगार पाहून मन चाळवलं, एवढाच तिचा अपराध. विषय अगदी प्रौढांचा. तरी आजी नातवंडांना मांडीवर घेऊन ती ऐकते, सासू सुनेच्या शेजारी बसून ऐकते आणि कुणाला मान खाली घालावी लागत नाही. कारण त्या क्षणाला आगापीछा आहे. आधी रोजचा नदीचा रस्ता आहे, नवऱ्याचा धाक आहे, वर्षानुवर्षं पाळलेलं व्रत आहे. नंतर चार मुलांचा नकार आहे, परशुरामाची कुऱ्हाड आहे आणि वर मागून परत मिळवलेला आईचा जीव आहे. शिक्षा योग्य होती की अघोरी, यावर ऐकणारा आपल्या मनाशी भांडत राहतो. मला विचाराल तर अघोरी. पण पुरी गोष्ट सांगितली गेली आहे, म्हणून मला असं भांडता येतं.

प्रौढांसाठीच्या सिनेमाबद्दल लिहिताना या डोंगरापासून सुरुवात करतोय, कारण मला जे म्हणायचं आहे ते या मातीला नवं नाही. शरीरसंबंध पडद्यावर यावेत की नाहीत, या वादात मला रस नाही. ते यावेत. मोठ्या माणसांच्या आयुष्यातला एवढा मोठा भाग मोठ्या माणसांच्या सिनेमातून गाळायचा, हे ढोंग आहे. पण ते गोष्टीतून यावेत. गोष्ट काढून घेतली की पडद्यावर नुसती शरीरं उरतात. ज्या शरीराला नाव नाही, काल नाही, उद्या नाही, त्याच्याशी कसंही वागलं तरी चालतं, हे बघणारा नकळत शिकत जातो. ए सर्टिफिकेटचा सिनेमा, मोबाइलवरच्या वेब सिरीज आणि कॉलेजातली पोरं जिला 'बीपी' म्हणतात ती ब्लू फिल्म, या तिन्हींना मी हाच एक निकष लावतो. तिन्ही सारख्या नाहीत, हे उघड आहे. पण तिन्हींबद्दल आपण एकच प्रश्न विचारत आलो, किती दाखवलं? तो प्रश्न चुकीचा आहे.

सीमाभागातल्या ज्या पिढीने २००० सालच्या आगेमागे थिएटरं पाहिली, तिला मॉर्निंग शो सांगायला नको. त्या काळात मल्याळममधल्या ए सिनेमांची लाट आली होती. डब होऊन ते देशभर फिरत होते, आपल्याकडेही आले. बस स्टँडच्या मागच्या भिंतीवर पोस्टर लागायचं, त्यावर जाड लाल अक्षरात ए, आणि सकाळी साडेदहा-अकराला तिकीट खिडकीवर मान वळवून उभे असलेले बाप्ये. मूळ सिनेमात बहुतेक वेळा फारसं काही नसायचं. थिएटर भरायचं ते 'बिट'साठी, म्हणजे मध्येच घुसडलेल्या उघड्या दृश्यांच्या तुकड्यासाठी.

हे बिट कसं लावायचे ते मला एका जुन्या ऑपरेटरने बसून समजावून सांगितलं. तुकडा वेगळ्या डब्यातून यायचा, साधारण पाचशे फुटांचा. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी पळते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. पाचशे फुटांची साडेपाच मिनिटं. जोडायच्या जागी फिल्मवरचा थर ब्लेडने खरवडायचा, सिमेंट लावायचं आणि चिकटेपर्यंत दाबून धरायचं. शो सुटला की पुन्हा काढून ठेवायचं, कारण सेन्सॉरने पास केलेल्या प्रिंटमध्ये नंतर काही घुसडणं हा सिनेमॅटोग्राफ कायद्याने गुन्हा आहे आणि तपासणी आली तर डब्यात मूळ प्रिंटच सापडायला हवी. पडद्यावर मात्र ती जोड लपायची नाही. चालू सिनेमाचा रंग एकदम पालटून हिरवट व्हायचा. नायिकेचं घर नाहीसं व्हायचं, नायिकाही नाहीशी व्हायची. कुठल्या तरी अनोळखी खोलीत अनोळखी दोघं, आवाज खरखरणारा, बोलणं असलंच तर कुणालाच न कळणाऱ्या भाषेतलं. साडेपाच मिनिटांनी पुन्हा नायिका चहाचा कप घेऊन हजर, जणू मध्ये काही घडलंच नाही. ऑपरेटर म्हणाला, "बिट लागलं की थिएटर गप्प होतंय बघा. खरं बाहेर आल्यावर पिक्चरचं नाव विचारा, एकालाबी सांगायला यायचं नाही."

त्या हिरवट तुकड्यातली बाई कोण होती? तिला पैसे मिळाले का? आपला तुकडा कापून खानापूर-निपाणीच्या पडद्यावर दुसऱ्याच सिनेमात चिकटवला जातोय, हे तिला कधी कळलं का? बघणाऱ्या कुणाच्या मनात हे आलं नसेल, आणि त्याचा दोष एकट्या बघणाऱ्याला देऊन भागत नाही. तुकड्याची बांधणीच अशी होती की प्रश्न पडू नये. आज थिएटर गेलं, डबा गेला, सिमेंट गेलं. पण खिशातल्या मोबाइलवर येतो तो माल त्याच जातीचा आहे. सगळंच बिट, आणि ज्याला ते चिकटवायचं तो सिनेमाच नाही.

असं का झालं, याची कारणं सदाचारात कमी आणि धंद्यात जास्त सापडतात. अमेरिकेत १९७०च्या दशकात अशा फिल्म थिएटरात लागायच्या. दीड तास प्रेक्षक बसवून ठेवायचा तर पात्रं लागतात, काही तरी कथानक लागतं, म्हणून ते असायचं. बरंवाईट, पण असायचं. व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा रिमोटवर पुढे पळवायचं बटण आलं. जे पळवलं जातं त्यावर पैसा कशाला घालायचा, असा हिशेब निर्मात्याने केला. २००६-०७ नंतर फुकट क्लिपांच्या साइट आल्या आणि कमाई जाहिरातींवर, क्लिकवर आली. क्लिप जितकी तुटक, तितके क्लिक जास्त.

१९७०च्या दशकातच जपानमध्ये मात्र वेगळं घडलं होतं आणि ते आपल्याकडे फारसं माहीत नाही. निक्कात्सु ही तिथली जुनी कंपनी टीव्हीच्या माऱ्याने बुडायला आली, तेव्हा १९७१ साली तिने फक्त प्रौढांसाठीचे सिनेमे काढायचं ठरवलं. दिग्दर्शकाला अटी ठरलेल्या: बजेट थोडं, लांबी सत्तर मिनिटांच्या आसपास, दर दहाएक मिनिटांनी एक शरीराचं दृश्य. एवढं पाळा, बाकी गोष्ट तुमची. १९८८ पर्यंत असे सुमारे १,१०० सिनेमे निघाले. त्यांतल्या काहींची तिथल्या नावाजलेल्या समीक्षकांनी वर्षातल्या उत्तम सिनेमांत गणना केली. त्याच देशातल्या अशा छोट्या प्रौढपटांच्या धंद्यात हात साफ केलेला योजिरो ताकिता पुढे २००९ साली परभाषिक सिनेमाचं ऑस्कर घेऊन गेला. निक्कात्सुच्या मालिकेत बाईवरचा अत्याचार चवीचवीने दाखवणारे सिनेमेही पुष्कळ होते. ते मला अजिबात मान्य नाहीत. पण तिथेही पात्र होतं, प्रसंग होता, म्हणून 'हे तू का दाखवलंस' असा जाब दिग्दर्शकाला विचारता आला. क्लिपला जाब कुणी विचारायचा? तिच्यामागे दिग्दर्शकच नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो.

निपाणीच्या एका कॉलेजात सिनेमावर बोलायला गेलो होतो. बोलणं झाल्यावर प्रश्न चिठ्ठीवर मागवले, कारण उभं राहून विचारायला पोरं लाजतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलाची चिठ्ठी होती, वहीच्या कागदाचा चौकोन, चार घड्या घातलेला: "बायकोला नको असेल तर ते ओळखायचं कसं?" नाव नव्हतं. खोडकरपणाही नव्हता. अक्षर जपून काढलेलं होतं. मी ती चिठ्ठी मोठ्याने वाचली तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही.

त्या मुलाने शेकडो क्लिपा पाहिल्या असतील. त्यांत त्याला हा प्रश्न कधी दिसलाच नाही, कारण क्लिप सुरू होते तेव्हा बाई आधीच तयार असते आणि क्लिप संपते तेव्हा ती नाहीशी होते. ती का तयार झाली, काल काय घडलं होतं, तिचा मूड कशाने गेला, ती मध्येच थांबली तर पुढे काय, दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याकडे कशी पाहते, यातलं काहीच नाही. 'हो' किंवा 'नको' हे माणसाच्या मनात हळूहळू घडत असतं आणि मोडतही असतं. ते दाखवायला वेळ लागतो. आधीचा वेळ लागतो, नंतरचा लागतो. आणि असा वेळ फक्त गोष्टीत असतो. म्हणूनच मी म्हणतो की गोष्ट नसलेल्या फिल्ममध्ये संमती दाखवताच येत नाही, निर्मात्याची इच्छा असली तरी. सगळे नट राजीखुशीने काम करत असतील, करारावर सह्या असतील, सेटवर लक्ष ठेवायला प्रशिक्षित माणूस असेल (परदेशात २०१८ पासून असे समन्वयक नेमायची पद्धत रूढ झाली आणि आपल्याकडेही ती येते आहे, हे चांगलंच आहे), तरी बघणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते ती कायम उपलब्ध असलेली बाई आणि कधीच न थकणारा, न घाबरणारा पुरुष. दोन्ही खोटे.

चिठ्ठीला मी उत्तर दिलं की तिला विचार, आणि उत्तर ऐकायला थांब. उत्तर बरोबर होतं, पण अपुरं होतं. तसं विचारणारा आणि थांबणारा एकही नवरा त्या मुलाने पडद्यावर पाहिलेला नव्हता. तो दाखवायचं काम सिनेमाचं आहे. आमच्यासारख्यांच्या भाषणांनी ते होणार नाही.

"बघणाऱ्याला गोष्ट नकोच असते," असं यावर हमखास ऐकायला मिळतं. आपला पूर्वेतिहास याची साक्ष देत नाही. बैलहोंगल भागात घडलेल्या एका खऱ्या प्रकरणावरून रचला गेल्याचं सांगतात तो 'संग्या बाळ्या' हा सण्णाट, म्हणजे कन्नड लोकनाट्य, बेळगाव जिल्ह्यातली माणसं रात्र रात्र जागून बघत आली. पैसेवाला तरणा संग्या, दुसऱ्याच्या लग्नाच्या बायकोवर जडलेला त्याचा जीव, मध्यस्थी करणारा मित्र बाळ्या, आणि शेवटी नवऱ्याच्या भावकीच्या हातून झालेला खून. व्यभिचाराचा उघड विषय. उघडं अंग कुठेच नाही. तरी मंडपाबाहेर वाद असायचा तो हाच की दोषी कोण. संग्या, ती बाई, की ऐनवेळी उलटलेला बाळ्या? मराठीत तमाशाचंही तेच. गण, गवळण, बतावणी झाली की शेवटी वग आला पाहिजे. शिट्ट्या लावणीला पडायच्या हे खरं, पण फडाचं नाव व्हायचं ते वगावर. पब्लिकला गोष्ट नको असते, हे पब्लिकने कधीच सांगितलेलं नाही. ज्यांना गोष्ट रचायला कष्ट पडतात त्यांनी ते पसरवलं.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. गोष्टीची सबब करून हवं ते दाखवणारे कमी नाहीत. 'कथेची मागणी होती' हे वाक्य मुलाखतींमधून इतकं झिजलं आहे की ते ऐकलं तरी शंका येते. मग खरी मागणी कुठली आणि सबब कुठली? मी एक साधी चाचणी लावतो. ते दृश्य मनातल्या मनात काढून टाका. पुढची गोष्ट जशीच्या तशी चालू राहते का? बिट काढलं की सिनेमा जागचा हलत नाही, उलट नीट होतो. रेणुकेचा नदीकाठचा तो क्षण काढून बघा. घडा बनतो, पाणी येतं, पूजा होते आणि गोष्ट संपते. २००९ सालचा 'जोगवा' हा मराठी सिनेमा याच मुलखातला, जोगता आणि जोगतीण म्हणून देवीला वाहिलेल्या दोघांचा. ज्या देहांवर त्यांचा स्वतःचा हक्कच उरलेला नाही, त्यांना एकमेकांची ओढ लागते. ती ओढ वगळली तर सिनेमाच उरत नाही. ज्या दृश्यानंतर पात्रं आधीसारखी राहत नाहीत, ते दृश्य कितीही उघडं असो, मी त्याच्या बाजूने उभा राहीन. आणि ज्या दृश्यानंतर सगळे जसेच्या तसे असतात, ते पदराआडचं असलं तरी बिटच.

कायद्यालाही हे फार पूर्वीच कळलेलं आहे, आणि कळवणारा एक खटला मराठीतलाच होता. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली. अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. न्यायालयाने सांगितलं की लेखन पुरतं वाचा, सुटे परिच्छेद उचलू नका; आणि कामभावनेचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता मानली तर तरुणांना धार्मिक पुस्तकांखेरीज काही वाचताच येणार नाही. सिनेमाबाबत न्यायमूर्ती खोसला यांच्या समितीने त्याच वर्षी असंच मत दिलं. पुढे दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या खटल्यात न्यायालयाने सेन्सॉर कायम ठेवला, पण कामभावना आणि अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही नोंदवून ठेवलं. १९९६ साली 'बँडिट क्वीन'चा निकाल लागला. गावासमोर एका बाईची नग्न धिंड काढल्याचं दृश्य त्यात आहे. ते बघून वासना चाळवत नाही, कीव येते आणि ज्यांनी हे केलं त्यांची किळस येते, असं न्यायालय म्हणालं आणि सिनेमाचं ए सर्टिफिकेट टिकलं. तेच उघडं शरीर, पण त्याच्या मागे-पुढे एका बाईचं आयुष्य उभं होतं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने १८ ओटीटी प्लॅटफॉर्म बंद केले, तेव्हाही सरकारच्या निवेदनात हा मुद्दा होताच की लांबलचक दृश्यांना विषयाचा किंवा समाजाचा काही संदर्भच नाही.

बंदीने हा प्रश्न सुटेल असं मात्र मला वाटत नाही. २०१५ साली ८५७ साइटवर बंदी आली आणि काही दिवसांतच ती सैल करावी लागली. त्याआधी २०१२ साली बंगळूरच्या विधानसभेत बसल्या जागी मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहिल्याच्या आणि पुरवल्याच्या आरोपावरून तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती सभागृहाच्या शिस्तीची आणि पक्षाच्या अब्रूची. पन्नाशीच्या जबाबदार माणसांनाही बघायला तेवढंच का मिळतं, हे कुणी विचारलं नाही. बंदी घालून जागा रिकामी होते. ती भरायला आपल्याजवळ काय आहे?

फार काही नाही. सीमाभागातलं मराठी लेखन मी आवडीने वाचत आलो आहे. त्यात १९५६ची राज्य पुनर्रचना आहे, सीमाप्रश्नावरचा महाजन अहवाल आहे, मोर्चे आहेत, लाठ्या आहेत, पाट्यांवरून झालेली भांडणं आहेत. हे सगळं लिहिलं जायलाच हवं होतं. पण या लढ्यात असलेली माणसं रात्री घरी जात होती, त्या घरात दारामागे काय होतं, ते आपण लिहिलं नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. आसपासच्या गावागावांतून पोरं भरती होतात, वर्षातून थोडेच दिवस सुट्टीवर येतात. त्या सुट्टीचा पहिला आठवडा कसा असतो? ज्या नवऱ्याची सवयच राहिलेली नाही त्याच्याशेजारी झोपताना बायकोच्या मनात काय येतं? खानापूर तालुक्यातून गोव्याला कामाला जाणारे तरुण आहेत. निपाणीत तंबाखूच्या वखारीत उभा जन्म काढलेल्या बायका आहेत. अंगाला तो दर्प बसलेला असतो, तो घरी नेण्याबद्दल त्यांना काय वाटत असेल? मराठी मुलगी आणि कन्नड मुलगा यांची लग्नं आपल्या गल्लीत होतात. भांडण कुठल्या भाषेत होतं आणि समजूत कुठल्या भाषेत काढली जाते, हे शेजाऱ्यांनाही माहीत असतं. यातली एकेक गोष्ट प्रौढांच्या सिनेमाची आहे. ती नीट केली तर दोन्ही बाजूंचे लोक बघतील.

आणि सौंदत्ती. मुली देवीला सोडण्यावर १९३४ साली मुंबई इलाख्यात कायदा आला, १९८२ साली कर्नाटकाने केला. प्रथा कायद्याच्या कचाट्यात आली, पण ज्या बायकांचं आयुष्य त्यात गेलं त्या आज म्हाताऱ्या होऊन याच डोंगराच्या आसऱ्याला आहेत. त्यांच्याकडे कॅमेरे पुष्कळ आले. भंडाऱ्याने माखलेले चेहरे, जट, गळ्यातले मणी, सगळं टिपून गेले. मोजक्यांनीच विचारलं की तुझं नाव काय, तुला कोण आवडलं होतं, तू कुणाला नाही म्हणालीस आणि त्याचं काय झालं. कपडे अंगावर असले तरी त्या चित्रांतही देह आहे आणि गोष्ट नाही. म्हणून बीपीचा प्रश्न हा चोरून बघणाऱ्या पोरांपुरता आहे, असं मी मानत नाही. बाईकडे गोष्टीशिवाय पाहण्याची आपल्याला सवय आहे आणि बीपी हे त्या सवयीचं सगळ्यांत उघडं रूप आहे.

मला काय हवं आहे ते स्पष्ट सांगतो. २०२१च्या नियमांनुसार ओटीटीवर प्रत्येक कार्यक्रमाआधी वयोगट आणि नग्नता, हिंसा, शिव्या अशा सूचना द्याव्या लागतात. सिनेमाच्या सर्टिफिकेटातही २०२३ च्या दुरुस्तीने वयाचे टप्पे वाढवले. हे पालकांच्या सोयीचं आहे, असू दे. पण अठराच्या पुढच्या माणसाला काय बघण्यासारखं आहे, हे कुणी सांगायचं? ते समीक्षकांचं काम आहे आणि मराठी समीक्षक ए सिनेमावर लिहायला अजून कचरतात. लिहिलं तर धाडसी किंवा अश्लील, या दोन शब्दांत उरकतात. त्यांनी दृश्याबद्दल लिहावं. ते कशासाठी होतं, त्याने कोण बदललं, ते नसतं तर काय राहिलं असतं, हे लिहावं.

कोल्हापूर-बेळगावकडे मोबाइल आणि भाड्याचा कॅमेरा घेऊन वेब सिरीज करणारी तरुण मुलं आता पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या काहींना व्ह्यूजसाठी बेडरूमचा सीन टाकायचा सल्ला मिळतो, आणि टाकलाही जातो. त्यांना माझं सांगणं आहे की टाका, पण त्या बाईला आधी एक दिवस द्या. सकाळी उठून तिने काय केलं, कुणाशी वाजलं, कशावर हसली, एवढं लिहून काढा. मग त्या सीनमध्ये तिला काय हवं आहे ते तीच सांगेल आणि कदाचित तुमच्या मनात होता त्यापेक्षा वेगळा सीन निघेल. भाषा आपली वापरा. 'खरं' आणि 'की' आणि 'करूलाय' घेऊन दोन माणसं अंधारात एकमेकांशी कशी बोलतात, हे मराठी पडद्यावर अजून आलेलं नाही.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, बेळगुंदी, दर थंडीत आपल्या गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. सरकारी मदतीची वाट न बघता गावकरी ती भरवतात आणि मांडवात बायाबापड्या दिवसभर बसतात. कथाकथनाचं सत्र तिथे नेहमी रंगतं. एका गावाने या वर्षी त्या सत्राला जोडून प्रौढांच्या सिनेमावर तासभराची चर्चा ठेवावी. पटकथा लिहिणारा एक मराठी आणि एक कन्नड माणूस बोलवावा, सण्णाट करणारा एखादा जुना कलावंत बोलवावा, आणि दोन तरी बायका व्यासपीठावर असाव्यात. गावातून विरोध होईल. एखाद्या अध्यक्षाला फोन येतील. ज्या मांडवात रेणुकेची गोष्ट सांगता येते त्या मांडवात ही चर्चाही होऊ शकते, असं त्या फोन करणाऱ्यांना सांगावं, आणि बोलायला बोलावलं तर मी यायला तयार आहे.